‘देते’ची चूक

बाई, आज दुपारी अंगणात खाट टाकून पडलो होतो. झोप नव्हती आणि जागही नव्हती, त्या दोन्हींच्या मधलं जे काही असतं ते होतं. या वयात दिवसाचा बराच भाग तिथेच जातो. जिनिंगचा मोसम असला की आमच्या दिग्रसच्या हवेत कापसाचे तंतू फिरतात. विजेच्या तारांवर, बोरीच्या काट्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या केसांवर बारीक पांढरं बसतं. तसाच एक तंतू उन्हात खाली येत होता आणि टेकायच्या आत पुन्हा वर उचलला जात होता. त्याच्याकडे बघता बघता तुम्ही कविता म्हणायला लागलात. कोणती ते कळलं नाही. शब्द ऐकू येत नव्हते, नुसती चाल येत होती, आणि ओळ संपली की तुमचं ते थोडं थांबणं. मी उठून बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठा आहे, तरी पाय आपोआप मांडी घालायला लागले. म्हटलं, बाईंना एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द त्यांचाच आहे. तेवढी कागदावर सांगून टाकू.

तुम्ही आमच्या गावी आलात तेव्हा मी तिसरीत होतो. शाळा म्हणजे एक लांब खोली, पुढे कडुनिंब, आणि खोलीत सगळे वर्ग एकत्र. त्याआधीचे मास्तर पावसाळ्यात यायचे नाहीत आणि उन्हाळ्यात टिकायचे नाहीत. बाई शिकवायला येते हे तर गावात कोणी पाहिलंच नव्हतं. म्हाताऱ्या बाया नुसत्या तुम्हाला बघायला कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही खडू उचललात आणि म्हणालात, “मी फळ्यावर लिहिते, तुम्ही मनात वाचा.” मला वाचायचं सुचलंच नाही. मी ‘लिहिते’पाशी अडकलो. आमच्या बोलीत बाईचं आणि माणसाचं ‘मी’ एकाच दावणीला बांधलेलं. बा म्हणायचा, “मी वावरात जातो.” माय म्हणायची, “मी वावरात जातो, तू वासराले पाणी पाज.” अख्ख्या गावातल्या बाया ‘मी येतो, मी देतो, मी करतो’च म्हणायच्या, आजही म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. तुमचं ‘लिहिते’, ‘वाचते’, ‘सांगते’ म्हणजे राखेनं घासून उन्हात पालथी घातलेली भांडी. बघतच राहावं. मला वाटलं, शिकलेली माणसं अशीच बोलत असणार. शुद्ध मराठी ती हीच.

मग मीही बोलायला लागलो. घरी सांगितलं, “माय, मी शाळेत जाते.” मायनं भाकर थापता थापता हात थांबवला. बा म्हणाला, “हे पोट्टं काय बोलून राह्यलं?” माय म्हणाली, “बोलू द्या ना. शाळेतलं हाय थे.” आणि शेजारणीला बोलावून माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. माझं बघून वर्गातली बाकीची मुलंही तसंच बोलू लागली. तुमच्या कानावर ते येत होतं की नाही कोण जाणे. तुम्ही कवितेत असायच्या, आणि चालीवर म्हणताना सगळे सारखेच ऐकू येतात. मग थंडीत तपासणीला डेपुटी साहेब आले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी तुमच्या मागे, कोपऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मास्तर कुठे आहेत?” तुम्ही म्हणालात, “मीच आहे.” त्यांनी मला उभं केलं. “रोज शाळेत येतोस का?” मी छाती पुढे काढून म्हटलं, “हो साहेब, मी रोज येते.” मागून दुसरा उठला, “मी बी येते, साहेब.” साहेब आधी हसले, चांगले पोट धरून हसले. मग हसू आवरून तुमच्याकडे वळले. “बाई, पोरांना बायकी बोलायला शिकवता? कविता जरा कमी करा. पुढच्या वर्षी इथं मास्तर द्यावा लागेल.” तुम्ही म्हणालात, “हो, साहेब.” एवढंच. पदराला खडूची भुकटी लागली होती ती तुम्ही झटकत राहिलात, सगळी गेली तरी.

साहेब गेल्यावर तुम्ही आम्हाला कडुनिंबाखाली नेलंत. मला वाटलं, आता छडी. पण तुम्ही म्हणता, “अरे, मी ‘येते’ म्हणते कारण मी बाई आहे. तू मुलगा आहेस, तू ‘येतो’ म्हणायचं.” वर्गात मुली मोजक्याच. त्यांतली एक, मोठ्या डोळ्यांची, खाली बघून विचारते, “मंग आमी?” तुम्ही म्हणता, “तू ‘येते’.” ती म्हणते, “पन माय तं ‘येतो’च म्हणते. माय चुकते का, बाई?” तुम्ही ओळीच्या शेवटी थांबायच्या तशा थांबता. निंबाची पिवळी पानं तुमच्या खांद्यावर पडतात, तुम्ही ती काढत नाही. मग म्हणता, “तुझी माय चुकत नाही. ती बोलते तेव्हा समोर असते, तुला दिसते. कागदावर ती दिसत नाही ना. कागदावर ‘येतो’ लिहिलं की वाचणाऱ्याला तिथं गडीमाणूस दिसतो. म्हणून लिहिताना तिला ‘येते’ लागतं.” मला त्यातलं तेव्हा किती कळलं सांगता येत नाही. आवाज तेवढा राहिला, आणि ती पानं.

त्यानंतरच्या एका शनिवारी तुम्ही वाण्याकडच्या पुड्यांचे कागद घेऊन आलात. वर्तमानपत्र आमच्या गावात यायचं ते गुळाला नाही तर मिठाला गुंडाळून. तुम्ही ते कागद तळहातानं सारखे केलेत, त्यांतल्या जाहिरातींची चित्रं कापलीत आणि खळीनं भिंतीवर चिकटवलीत. रेडिओ, शिवणयंत्र, विजेचा पंखा, हातातली बॅटरी. गावात अजून वीज आली नव्हती. ती यंत्रं आम्हाला चांदण्यांइतकीच लांबची. वारा आला की चित्रं भिंतीवरून थोडी सुटायची, आणि त्यांतली माणसं आता बोलतील असं वाटायचं. तुम्ही तेच सांगितलंत. चित्रातल्या प्रत्येकाच्या तोंडी ‘मी’नं सुरू होणारं एक वाक्य घाला. रेडिओजवळचा माणूस म्हणाला, ‘मी बातम्या ऐकतो.’ त्याच्या मागे बशी घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, ‘मी चहा देते.’ पंख्याचं बटन दाबणारा ‘मी पंखा लावतो’, खाली बसलेली ‘मी वारा घेते’. बॅटरीच्या चित्रात माणूस पुढे उजेड पाडत होता आणि त्याची बायको मागून दंड धरून उभी होती. तिच्या तोंडी कोणीतरी घातलं, ‘मी भिते.’ तेव्हा ती मोठ्या डोळ्यांची मुलगी उठली. “बाई, आमच्या घरी कंदील घेऊन मायच म्होरं राह्यते. बाले अंधारात दिसत नाही.” तुम्ही खडू तिच्या हातात दिलात. म्हणालात, “मग तसं लिही.” कागदावर खडू उमटेना, म्हणून तिनं चित्राखाली भिंतीवरच लिहिलं, ‘मी म्होरं चालते.’ शिवणयंत्रापाशी बसलेली बाई ‘मी शिवते’ म्हणाली, तर एक जण म्हणाला, “पन शिंपी तं माणूस हाय.” त्यावर त्याच्या शेजारच्यानं बराच विचार करून सांगितलं, “मशीन घरात असली की बाईची, दुकानात असली की माणसाची.” तुम्ही हसलात. त्या हसण्यात काय काय होतं ते मला आत्ता आत्ता थोडं कळायला लागलं आहे.

पुढच्या वर्षी खरंच मास्तर आले आणि तुमची बदली पांढरकवड्याकडे झाली. बदल्या सगळ्यांच्याच होतात. मास्तर चांगले होते, गणित पक्कं करून घ्यायचे, कविता मात्र पाढ्यांसारख्या म्हणायचे. चाल तेवढी माझ्याजवळ राहिली. पुढे मी एसटीत लागलो, दिग्रसच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक झालो आणि माइकसमोर बसून गाड्या पुकारू लागलो. “पुसदकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे,” हे मी तुमच्या चालीवर म्हणायचो, ओळीच्या शेवटी थांबायचो. प्रवासी हसायचे. एका साहेबांनी विचारलंही होतं, गाड्या पुकारता की आरती म्हणता. असाच एकदा भर दुपारी खिडकीतून पाहतो तर बाकावर तुम्ही. केस पांढरे, चष्मा जाड, मांडीवर पिशवी. तुमच्या गाडीची वेळ झाली होती. दारव्हा मार्गे यवतमाळ. मी ती अशी चाल लावून पुकारली की तुम्ही मान वर केलीत. मग धावत गाडीच्या खिडकीपाशी आलो. तुम्ही कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “अजून ‘येते’ म्हणतोस का रे?” मी म्हटलं, “गाडी येते म्हणतो, बाई. मी येतो.” गाडी सुटली. त्यानंतर तुमची बातमीच आली, तीही उशिरा, दुसऱ्याच कोणाबद्दलच्या बोलण्यात.

आता जे सांगायला बसलो ते. माझी एक नात आहे, धाकट्या मुलाची पोरगी. तिनं यवतमाळला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि दिवाळीआधी स्टँडसमोरच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लहानपणापासून तिला वस्तू उघडून बघायची खोड. दुपारी मी दुकानात जाऊन बसतो. टेबलावर दिवा, तिच्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा. फोनच्या आत एक बारीक हिरवी पट्टी असते, तिच्यावर रेषाच रेषा, वरून दिसणाऱ्या वावरांसारख्या. त्या वावरांवर वाकलेलं तिचं डोकं बघत बसलं की माझी तंद्री लागते. पण गिऱ्हाईक यायचं, तिच्या डोक्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, “मेकॅनिक कुठं गेला?” ती म्हणायची, “मीच हाय. दाखवा.” की फोन परत खिशात. “राहू दे, ताई. मंग येतो.” कोणी मलाच विचारायचं, “काकाजी, तुमी करता का?” दुकानात लावायला ठोक व्यापाऱ्यानं पोस्टरं दिली होती. एकावर काळा फोन, भुवया आवळलेला तरुण, मागे वीज कडाडते आहे, आणि खाली वेगाबद्दल आणि ताकदीबद्दल काहीतरी. दुसऱ्यावर गुलाबी फोन, तो गालाशी धरून हसणारी मुलगी, आणि खाली सुंदर फोटोंची हमी. मी म्हटलं, दोन वेगळे फोन दिसतात. नात म्हणाली, “नाही, आबाजी. दोन्ही आतून सेमच हायेत. मी उघडून पाह्यले.”

मुलगा म्हणाला, संक्रांतीपर्यंत बघू, नाही चाललं तर दुकान बंद. यवतमाळच्या एका मोठ्या शोरूममध्ये मुली पाहिजेत. गणवेश देतात, थंडगार एसी, दारात उभं राहून हसून माहिती सांगायची, बस. तिनं विचारलं, “आन फोन बिघडला तं?” मुलगा म्हणाला, “थे मागच्या खोलीत पोट्टे करतात.” ती ताटात बोट फिरवत राहिली. मुलाचंही मी चूक म्हणत नाही, पोरीच्या काळजीनंच बोलत होता. पण मला भिंतीवरची ती गुलाबी मुलगी पोस्टरातून उतरून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखी वाटली, आणि तिच्यासाठी आमच्या पोरीला उठावं लागणार होतं.

दुकानाला तोवर बोर्ड नव्हता. मी म्हटलं, त्यावरची ओळ मी लिहितो. आयुष्यभर एसटीच्या गाड्या पुकारल्या, आता घरचं काही पुकारावं. अंगणात फेऱ्या मारत गुणगुणत होतो, आणि एका सकाळी दात घासताना ओळ आली: ‘मुका झालेला फोन मी बोलता करून देते.’ नातीला म्हणून दाखवली तर ती हसली. “देते? मी कुठं ‘देते’ म्हणतो, आबाजी?” खरंच म्हणत नाही. घरात तीही ‘मी करतो, मी देतो’ म्हणते, माझ्या मायसारखीच. मी तिला तुमचं निंबाखालचं सांगितलं, की बोलणारी समोर दिसते, लिहिलेली दिसत नाही. तिनं ओठ हलवत ओळ पुन्हा वाचली. “बरं,” म्हणाली, “येऊ द्या तसंच.”

फ्लेक्स छापणारा गावातलाच, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. चित्र शोधून तो थकला. “बाई आन स्क्रूड्रायव्हर एका फोटोत भेटतच नाही, काकाजी. रिपेअर टाकलं की माणूस येते. लेडीज टाकलं की थे नुसती हासते.” म्हणून नातीचाच फोटो काढायचं ठरलं. ती भिंग लावून कामात. तो म्हणतो, “ताई, वर पाहा. जराशी हासा.” ती म्हणते, “वर पाह्यलं तं रिपेअर कसं होईन?” “फोटोपुरतं.” “फोटोपुरतं पाह्यलं तं रिपेअर बी फोटोपुरतंच वाटन लोकायले.” त्यानं डोकं खाजवलं आणि वाकलेल्या डोक्याचाच फोटो काढला. चेहरा जवळजवळ दिसत नाही. भांग दिसतो, भिंग दिसतं आणि हात दिसतात. मला विचाराल तर इतका सुंदर फोटो आमच्या घरात कोणाचाच नाही.

पहिलं फ्लेक्स आलं. फोटो झकास, आणि खाली मोठ्या अक्षरांत: मुका झालेला फोन मी बोलता करून देतो. मी ते गुंडाळून तसंच त्याच्याकडे नेलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “घाईत तुमच्याकून ‘देते’ झालं होतं, काकाजी. मी सुधरवलं. फ्लेक्सवर चूक गेली तं नाव आमचं खराब होते.” मी म्हटलं, चूक नव्हती, तसंच पाहिजे. तो म्हणाला, “पन आपल्या इथं बाया ‘देतो’च म्हणतात ना? आज सकाळीच माही बायको म्हणे, थांबा, डबा देतो. मंग थे काय माणूस झाली?” बाई, भांडायला गेलो होतो आणि मला इतका आनंद झाला. माय चुकते का, असं त्या मुलीनं विचारलं होतं, तोच प्रश्न फिरून फिरून या फ्लेक्सच्या दुकानात, शाईच्या वासात येऊन बसला होता. मी म्हटलं, “तुह्या बायकोचा आवाज तुले ऐकू येते. बोर्डाले आवाज हाय का?” त्यानं एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला, “दुसरं काढतो. पन लोकं मलेच हासतीन.”

दुसरं आलं त्यावर होतं: मुका झालेला फोन बोलता करून मिळेल. आता तर ‘मी’सुद्धा गेला होता. मी तावातावानं पुन्हा गेलो. तो खाली बघून म्हणाला, “हे ताईनंच फोन करून सांगतलं, काकाजी. तुमाले सांगू नका म्हणे.”

दुकानात परत आलो तेव्हा तिला माझ्या चालण्यावरूनच कळलं. “तुमी कायले गेलते तिकडं?” मग तीच बोलू लागली. “‘मिळेल’मंधी कोनीच नाही, आबाजी. माणूस बी नाही, बाई बी नाही. कोनी दिसलंच नाही तं कोनी परत कायले जाईन? आत येतीन, फोन टेबलावर ठेवतीन, मंग मी दिसन. तवा लाजंकाजं राहू देतीन.” तिचं खरं होतं. संक्रांत जवळ आली होती, आणि शोरूमच्या दारात उभं तिला राहायचं होतं, मला नाही. ओळीच्या हौसेपायी मी तिच्या पोटावर पाय ठेवतो आहे का, असंही मनात येऊन गेलं. मग काही सुचत नाही तेव्हा म्हातारी माणसं करतात तेच केलं, गोष्ट सांगितली. डेपुटी साहेबांची. ‘मी रोज येते’पाशी आलो तशी ती इतकी हसली की चिमट्यातला स्क्रू उडाला आणि आम्ही दोघं टेबलाखाली वाकून तो शोधू लागलो. तिथेच, टेबलाखाली, तिनं विचारलं, “मंग बाई काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “हो साहेब म्हणाल्या.” “आन?” “आन पदर झटकत राह्यल्या.” स्क्रू सापडला. ती वर आली, भिंग लावलं आणि कामाला लागली. त्यानंतर बोर्डाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. बोर्ड तिचा होता.

मग मी पुसदला बहिणीकडे गेलो आणि तिथे रमलो. परत आलो तेव्हा पिशवीत बहिणीनं बांधून दिलेले तिळाचे लाडू होते. गाडी स्टँडात वळली आणि खिडकीतून समोर दुकान दिसलं. बोर्ड लागला होता. सकाळचं ऊन नेमकं त्याच्यावर पडलेलं, नातीचा भांग उन्हात चमकतो आहे, आणि खाली ओळ. मी वाचली. मुका झालेला फोन मी बोलता करून देतो. पुन्हा वाचली. देतो. गाडी थांबली, लोक उतरले, मी आपला बसूनच. राग आला नाही. एखादी चाल म्हणता म्हणता विसरावी तसं झालं. वाटलं, याच्यापेक्षा ‘मिळेल’ बरं होतं, तिथं निदान तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं.

दुकानात बाकावर एक बाई पदरात फोन धरून बसली होती, आणि टेबलापाशी धोतर नेसलेले एक शेतकरी गृहस्थ उभे होते. मी पिशवी ठेवता ठेवता नातीला म्हटलं, “शेवटी ‘देतो’च केलं ना वं.” तिनं वर पाहिलं, पण त्याआधी ते गृहस्थच बोलले, “नाही ना, काकाजी. तेच तं मी सांगून राह्यलो पोरीले. ‘देतो’चं ‘देते’ होऊन बसलं तिथं. छापणाऱ्याची चूक हाय. लोकं हासतीन.” आणि सांगता सांगता त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. “आता आलोच हाय तं हा बी पाह्य जरा. आवाज येत नाही याचा.” नात माझ्याकडे बघून म्हणाली, “काल बोर्ड लावला, आबाजी. तवापासून सगळे चूकच सांगाले येऊन राह्यले. मी म्हणतो, चूक नाही, मीच देतो. मंग उभे राह्यतात, पाह्यत राह्यतात, आन फोन काढतात.” बाकावरची बाई म्हणाली, “मले नाही वाटली चूक. मी तं थे वाचूनच आली.”

मी हळूच बाहेर आलो. रस्ता ओलांडून स्टँडच्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि तिसरीतल्यासारखं एकेक अक्षर लावून वाचलं. दे. मग ते. ‘त’च्या डोक्यावर मात्रा एकटी होती, शेजारी काना नव्हता. गाडीतून जो काना मला इतका स्पष्ट दिसला, दोनदा दिसला, तो बोर्डावर कोणी छापलाच नव्हता. त्या शेतकऱ्याला चूक का होईना, पण ‘देते’ दिसलं होतं. बाकावरच्या बाईला दिसलं होतं. मी परत आत गेलो, लाडू काढून सगळ्यांना दिले. नात भिंगातून माझ्याकडे बघत होती. “काय झालं, आबाजी?” मी म्हटलं, “चष्म्याचा नंबर वाढला वाटते.” ती म्हणाली, “दाखवून घ्या मंग, उगंच अंगावर काढू नका.”

संक्रांत होऊन गेली. शोरूमचं मुलानं अजून काढलेलं नाही; काढेलही. दुकानात गर्दी म्हणावी अशी नाही, पण टेबल रिकामं नसतं. ऊन आता खाटेवरून सरकून भिंतीवर गेलं आहे आणि तो कापसाचा तंतू कुठे गेला ते माझ्या लक्षात राहिलं नाही. हे कागद कोणत्या टपालपेटीत टाकायचे ते मला माहीत नाही, आणि टाकता आले असते तर पुढचं लिहिलंही नसतं. नातीला अजून सांगितलेलं नाही. नंबर वाढलेला नाही, बाई. चष्मा गेल्याच महिन्यात तपासून नवा केला आहे.